पाटीवरच्या पदव्या आणि नोंदवहीतले नाव

वाचकाचे पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून: पत्रलेखक २३ वर्षांचे असून परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातले आहेत. छत्रपती संभाजीनगरात खोली करून राहतात आणि पोलीस भरतीची तयारी करतात. चौदाव्या वर्षापासून त्यांची छाती मुलींसारखी फुगीर दिसते आणि मैदानावर छाती मोजण्यासाठी अंगातले काढायची वेळ आली की जीव नकोसा होतो, असे ते लिहितात. मोबाइलवरच्या जाहिरातीतली ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे पाहून ते शहरातील एका ‘कॉस्मेटिक सर्जन’कडे गेले. तिथे समुपदेशक म्हणवणाऱ्या बाईंनी ४५,००० रुपयांचे पॅकेज सांगितले. रविवारच्या आत नाव नोंदवल्यास १०,००० रुपये सूट आहे, एका तासाचे काम आहे, जागा बधिर करून होते आणि संध्याकाळी चालत खोलीवर जाता येते, असेही त्या म्हणाल्या. पत्रलेखकांनी ५,००० रुपये आगाऊ भरले आहेत. घरी काहीच सांगितलेले नाही. ज्याच्या भरवशावर ते तिथे गेले, त्या मित्राने त्याच ठिकाणी डोक्यावर केस लावून घेतले आणि ते चांगले आले. मात्र मामेभावाने “तो खरा सर्जन आहे का, ते बघितलंस का?” असे विचारल्यापासून त्यांना झोप नाही. ते विचारतात: “डॉक्टरची पदवी तपासायची कशी? विचारले तर ते रागावणार नाहीत ना? आणि एवढ्या मोठ्या शहरात एवढा दवाखाना थाटून बसलेला माणूस खोटा कसा असेल?”

उत्तर:

तुमच्या तीन प्रश्नांपैकी रागावण्याचा प्रश्न मी आधी घेतो, कारण उरलेल्या दोन प्रश्नांची वाट त्यानेच अडवून धरली आहे. तुमच्या वडिलांनी कधी एक एकर जमीन घेतली असेल तर काय केले ते आठवा. सातबारा काढला असेल, फेरफार पाहिला असेल, आणि विकणारा भावकीतला असला तरी आपल्या मराठवाड्यातल्या रीतीप्रमाणे निजामाच्या वेळचा किंवा त्यानंतरच्या पाहणीतला खासरा पत्रकाचा उतारा मागवला असेल. त्यावर विकणारा रागावला असता तर वडिलांनी व्यवहार तिथेच थांबवला असता. मी ३० वर्षे सरकारी रुग्णालयांत जनरल सर्जन म्हणून काम केले. त्या काळात माझी पदवी विचारणारे रुग्ण मला बोटांवर मोजण्याइतके भेटले. बाकी सगळे “साहेब, तुम्ही म्हणाल तसं” म्हणून टेबलावर झोपले. मला ते तेव्हा आवडायचे, हे कबूल करतो. परंतु ज्यांनी विचारले, त्यांना उत्तर द्यायला मला कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नाही, कारण उत्तर माझ्याकडे होते.

आता ‘खोटा कसा असेल’ याविषयी. हा प्रश्न तुम्ही खरा-खोटा अशा दोनच खणांत मांडला आहे आणि अडचण तिथेच आहे. तुम्ही ज्यांच्याकडे गेलात ते डॉक्टर बनावट असतील असे मी मुळीच म्हणत नाही. ते एमबीबीएस असू शकतील, दंतवैद्य असू शकतील, होमिओपॅथ असू शकतील, त्वचारोगतज्ज्ञ असू शकतील, आणि पूर्ण प्रशिक्षित प्लास्टिक सर्जनही असू शकतील. यांपैकी प्रत्येकाची पदवी खरीच असेल. प्रश्न असा आहे की, तुमच्या छातीतील ग्रंथी काढून तिथला आकार दोन्ही बाजूंना सारखा ठेवण्याचे शिक्षण त्या खऱ्या पदवीत त्यांनी घेतले आहे का. संपूर्ण बनावट डॉक्टर एखाद्या तक्रारीवरून पकडला तरी जातो. खरी पदवी घेऊन आपल्या शिक्षणाबाहेरचे काम करणारा डॉक्टर मात्र वर्षानुवर्षे चालून जातो, कारण त्याच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र अस्सलच असते.

म्हणून आधी पाटी वाचायला शिका. ‘कॉस्मेटिक सर्जन’ नावाची वेगळी मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी आपल्या देशात नाही. ते कामाचे वर्णन आहे आणि ते पाटीवर रंगवायला फक्त रंगारी लागतो. या क्षेत्राची रीतसर पदवी एमसीएच (प्लास्टिक सर्जरी) किंवा तिच्या बरोबरीची डीएनबी, म्हणजे आताच्या नावाने डीआरएनबी, ही आहे. नेहमीचा मार्ग असा की, एमबीबीएसनंतर तीन वर्षे एमएस जनरल सर्जरी आणि त्यानंतर पुन्हा तीन वर्षे प्लास्टिक सर्जरी. त्वचारोगतज्ज्ञाची पदवी एमडी (त्वचारोग) अशी असते आणि त्वचा, केस, लेझर या कामांसाठी ते योग्य माणूस असतात. जबड्याच्या शस्त्रक्रियेचे दंततज्ज्ञ एमडीएस असतात. या नावांपुढे जी अक्षरांची लांब शेपटी दिसते, म्हणजे फेलोशिप, डिप्लोमा इन कॉस्मेटॉलॉजी, परदेशातील कुठल्याशा अकादमीचे सदस्यत्व, ती बहुधा काही दिवसांच्या किंवा काही महिन्यांच्या अभ्यासक्रमांची असते. अशी अक्षरे असणे वाईट नाही. माझ्याही कपाटात कार्यशाळांची प्रमाणपत्रे पडून आहेत. मात्र मूळ पदवीची जागा ती घेऊ शकत नाहीत. केसरोपण आणि सौंदर्यविषयक प्रक्रिया यांबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली स्पष्टच सांगितले की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे अशा प्रक्रिया सुरू करण्यासाठी पुरेसे प्रशिक्षण नव्हे. हे लेखी सांगण्याची वेळ आयोगावर आली, यातच काय ते समजा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मी प्लास्टिक सर्जनांची वकिली करतो आहे असे वाटेल. पुरुषांच्या छातीतील वाढलेली ग्रंथी काढणे हे जनरल सर्जनच्याही शिक्षणात येते आणि मी स्वतः अशा शस्त्रक्रिया केल्या आहेत. पण मी ग्रंथी काढत असे. छाती सपाट, सारखी आणि खड्डा न पडता दिसावी हे कसब माझ्या हातात बेताचेच होते. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काढली गेली तर स्तनाग्राखाली बशीसारखा खोलगा राहतो आणि तो दुरुस्त करणे पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. तेव्हा हे काम नेहमी करणारा प्लास्टिक सर्जन पहिला, ते वारंवार करणारा अनुभवी जनरल सर्जन दुसरा, आणि त्यापलीकडे मी तुम्हाला कोणाचे नाव सुचवणार नाही.

पाटी वाचून झाली की नोंदवही पाहा. राज्यात ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरची महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने शोध घेता येतो. परिषदेने अलीकडे डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही सुरू केला आहे. तो दवाखान्यात लावलेला दिसला तर मोबाइलने स्कॅन करा. डॉक्टर दुसऱ्या राज्यात नोंदलेले असतील तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची देशभराची नोंदवही आहे. इथे लोक एक चूक हमखास करतात: नाव सापडले की समाधान मानून मोबाइल खिशात ठेवतात. नाव सापडण्याचा अर्थ एवढाच की ते डॉक्टर आहेत. एमबीबीएसनंतरची पदवी परिषदेकडे अतिरिक्त पात्रता म्हणून स्वतंत्रपणे नोंदवावी लागते, म्हणून त्या रकान्यात एमएस, एमसीएच किंवा डीएनबी असे काय लिहिले आहे ते पाहा, विद्यापीठ आणि साल पाहा, आणि नोंदणीची मुदत संपलेली नाही ना तेही पाहा. पूर्ण नाव वडिलांच्या नावासह जुळवा, कारण एकाच नावाआडनावाचे चार डॉक्टर आपल्या आठ जिल्ह्यांत सहज सापडतील. होमिओपॅथी, आयुर्वेद आणि दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. पाटीवरच्या डॉक्टरचे नाव वैद्यकीय परिषदेच्या यादीत नसून त्यांपैकी एखाद्या यादीत निघाले, तर तुमच्या मामेभावाच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळाले असे समजा.

नोंदणी क्रमांक मागताना संकोच वाटू देऊ नका, कारण खरे तर तो मागावाच लागू नये. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टरने तो दवाखान्यात लावायचा असतो आणि औषधाच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर व पैशाच्या पावतीवर छापायचा असतो. त्याच नियमांत, ज्या शाखेची विशेष पात्रता नाही त्या शाखेचा तज्ज्ञ असल्याचे डॉक्टरने सांगू नये, असेही आहे. तुम्ही भरलेल्या ५,००० रुपयांची पावती काढून बघा. तिच्यावर डॉक्टरचे नाव आणि क्रमांक आहे, की केवळ एखाद्या कंपनीसारखे दवाखान्याचे नाव आहे?

हे मी विचारतो, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. पत्र दोनदा वाचले तरी डॉक्टरांनी तुम्हाला तपासल्याचा उल्लेख त्यात सापडला नाही. किंमत बाईंनी सांगितली, सूट बाईंनी दिली, वेळही बाईंनी ठरवली. अशा ठिकाणी पुष्कळदा जाहिरातीत एक डॉक्टर असतात, भेटायला दुसरे येतात आणि शस्त्रक्रिया तिसरेच करतात. म्हणून “ऑपरेशन प्रत्यक्ष कोण करणार, आणि त्यांचे नाव संमतिपत्रात लिहिणार का?” हा प्रश्न पदवीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. पदवी तपासायची ती त्या व्यक्तीची, पाटीवरच्या नावाची नव्हे. तुमच्या मित्राचे केस चांगले आले याचा मला आनंद आहे, परंतु केस लावणारा हात आणि छातीतील ग्रंथी काढणारा हात एकच असेल असे नाही, आणि एकच असेल तर मला जास्त काळजी वाटेल.

तपासणीचा मुद्दा आणखी पुढे नेतो. तुमच्या वर्णनावरून ही पुरुषांमधील स्तनवृद्धी, म्हणजे गायनेकोमॅस्टिया, असू शकते. वयात येताना ती पुष्कळ मुलांना होते आणि साधारण वर्ष-दोन वर्षांत ओसरते. तुमची नऊ वर्षे टिकली आहे, म्हणजे ती आपोआप जाण्याची आशा कमी. शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटणे त्यामुळे अवाजवी नाही आणि त्याबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही. पण छातीचा फुगवटा नुसत्या चरबीचाही असतो आणि तो वजन घटल्यावर कमी होतो. काही वेळा कारण औषधात असते, काही वेळा थायरॉइड, यकृत किंवा अंडकोषाच्या आजारात असते. आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना हे विचारलेच पाहिजे: जिममध्ये कोणी दिलेली पावडर किंवा इंजेक्शने घेतली आहेत का? त्यांत स्टेरॉइड असेल तर छाती त्यानेही वाढते, आणि ते चालू ठेवून केलेली शस्त्रक्रिया वाया जाऊ शकते. हात लावून तपासणे, गरजेप्रमाणे सोनोग्राफी आणि रक्तातील हार्मोनच्या चाचण्या एवढे झाल्याशिवाय जो दवाखाना तारीख देतो, तिथल्या डॉक्टरची पदवी कितीही मोठी असली तरी मी माझ्या मुलाला तिथे पाठवणार नाही.

आता ‘जागा बधिर करून, एका तासात’ या आश्वासनाकडे या. अशा शस्त्रक्रियेत चरबी शोषून काढताना मीठपाण्यात बधिर करणारे औषध मिसळून ते मोठ्या प्रमाणात त्वचेखाली सोडतात. त्याची मात्रा रुग्णाच्या वजनावरून मोजावी लागते. ती जास्त झाली तर झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. या पद्धतीत औषधाचे रक्तातील प्रमाण काही तासांनी, कधी आठ-दहा तासांनंतरही, सर्वांत जास्त होते. म्हणजे ठरल्याप्रमाणे तुम्ही संध्याकाळी खोलीवर एकटे झोपलेले असाल, नेमके तेव्हा. जखमेत रक्त साठणे ही या शस्त्रक्रियेनंतरची नेहमीची गुंतागुंतही बहुधा पहिल्या दिवसातच दिसते. २०१६ साली चेन्नईत वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या एका तरुणाचा केसरोपणानंतर मृत्यू झाला होता. केसरोपणाला आपण किरकोळ समजतो, आणि तो तर उद्याचा डॉक्टर होता. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. भूलतज्ज्ञ कोण आहेत हे तुम्ही नावानिशी विचारावे, त्यांचीही नोंदणी पाहावी आणि ते शस्त्रक्रिया संपेपर्यंत खोलीत असणार का हे स्पष्ट करून घ्यावे, यासाठी लिहितो.

जागेचीही कागदपत्रे असतात. रुग्ण दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयाला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदणी करावी लागते. महानगरपालिकेच्या हद्दीत ती पालिकेचा आरोग्य विभाग करतो आणि जिल्ह्यात इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे चौकशी करता येते. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असावे. दुकानांच्या वरच्या मजल्यावर चार खुर्च्या आणि एक लेझर यंत्र असलेले क्लिनिक सल्ल्यासाठी ठीक आहे, पण शस्त्रक्रिया त्याच जागेत होणार असेल तर ऑक्सिजन, हृदय पूर्ववत सुरू करण्याचे यंत्र आणि जवळच्या अतिदक्षता विभागाशी केलेली व्यवस्था यांविषयी विचारा. अनेक चांगले प्लास्टिक सर्जन सल्ला स्वतःच्या क्लिनिकमध्ये देतात आणि शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात करतात, त्या रुग्णालयाच्या स्वागतकक्षात जाऊन “हे डॉक्टर तुमच्याकडे प्लास्टिक सर्जन म्हणून आहेत का?” एवढे विचारले तरी पुष्कळ कळते.

जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांनी तुमचे मन वळवले, असे तुम्ही लिहिले आहे. या विषयात मला एक जुनी गोष्ट नेहमी आठवते. इंग्रज-टिपू युद्धात इंग्रजांच्या सैन्यात असलेला कावसजी नावाचा एक बैलगाडीवाला टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याकडे एका वीट बनवणाऱ्या जातीतील कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली आणि युरोपातील सर्जन त्यावरून ही पद्धत शिकले. त्या कारागिराकडे कुठलीच पदवी नव्हती. पण त्या चित्रातला माणूस नावानिशी होता, आणि शस्त्रक्रिया दोन डॉक्टरांनी स्वतः पाहिल्याचे त्यात नमूद होते. तुमच्या मोबाइलवरच्या छातीला नाव नाही, साक्षीदार नाही, आणि ती याच दवाखान्यात बदलली की आणखी कुठे हे सांगायला कोणी नाही. डॉक्टरांना त्यांच्याच रुग्णांची, वर्षभरानंतरची छायाचित्रे दाखवायला सांगा. अशा किती शस्त्रक्रिया दरवर्षी करता, कितींमध्ये पुन्हा आत जावे लागले, आणि तसे माझ्या बाबतीत झाले तर त्याचा खर्च कोणाचा, हेही विचारा. “आमच्याकडे कधीच काही होत नाही” असे उत्तर आले तर उठून या. मी इतकी वर्षे ऑपरेशन केली आणि माझ्या हातून झालेल्या गुंतागुंती मला आजही नावानिशी आठवतात.

पैशाबद्दल थोडक्यात. केवळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर वस्तू व सेवा कर लागतो. जन्मजात व्यंग, शरीराच्या वाढीतील दोष किंवा अपघात यांमुळे बिघडलेले पूर्ववत करण्यासाठी असेल तर नाही. त्यामुळे पूर्ण बिल मागा. “बिलाशिवाय स्वस्तात करून देतो” या बोलण्यात तुमचा पुरावा जातो आणि तक्रारीची वेळ आल्यास ग्राहक आयोगापुढे दाखवायला हातात काही उरत नाही. आरोग्य विमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा देत नाही. संमतिपत्र मराठीत मागा आणि ते आदल्या दिवशी घरी नेऊन वाचा. शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय सांगून घेतलेली संमतीच खरी, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सांगून ठेवले आहे. तुमच्या उपचाराची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे हे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

आता रविवारच्या सवलतीचे. ही शस्त्रक्रिया तातडीची नाही. नऊ वर्षे थांबलेली छाती आणखी नऊ आठवडे थांबू शकते. ५,००० रुपये परत मिळतात का ते लेखी अर्ज करून विचारा, आणि नाही मिळाले तर गेले म्हणा. ते गेले म्हणून उरलेले ३०,००० घालण्याचे कारण नाही. वडिलांना सांगायची भीती वाटते हे मी समजू शकतो. आपल्याकडे मुलाने बापापुढे छातीविषयी बोलणे सोपे नाही. ते जमत नसेल तर आईला सांगा, किंवा मामेभावालाच वडिलांशी बोलायला लावा. त्याने आतापर्यंत या प्रकरणात सर्वांत शहाणपणाचा प्रश्न विचारला आहे. शस्त्रक्रियेच्या रात्री तुमच्याजवळ कोणीतरी जागे असले पाहिजे आणि ते घरच्यांपासून लपवून होणार नाही.

भरतीचे वेळापत्रकही यात धरा. शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढ अशी मोजली जाते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे घट्ट पट्ट्याचा बनियन घालावा लागतो, आणि गोळाफेक, जोर व वजने साधारण महिना-दीड महिना बंद ठेवावी लागतात. नेमका काळ तुमचे सर्जन सांगतील. तेव्हा मैदानी चाचणी जवळ आली असेल तर ती आधी देऊन टाका. मोजमाप घेणाऱ्या हवालदाराने दिवसभरात तुमच्यासारख्या शेकडो छात्यांना टेप लावलेला असतो, आणि त्याचे लक्ष टेपवरच्या आकड्याकडे असते.